मोटारीच्या गादीचं लचांड

आश्विन शुद्ध १०, शके १८६०. जवळा बाजार

मोटार आली! माणसं सोनं लुटून परततात न परततात तोच वेशीत भोंगा वाजला. परभणीच्या एका वकिलाची जुनी गाडी, पण आमच्या दारात ती नवरीच. यांनी — तातेरावांनी (लिहिलं नाव! इथे कोण बघतंय?) — गावाला दोन फेऱ्या मारल्या. म्हशी उधळल्या. मी माडीच्या खिडकीत इतकी हसले की पदर तोंडात कोंबावा लागला.

डोक्यात एकच — भाऊबीज. पुसेगाव. बैलगाडीने माहेर म्हणजे हाडं खिळखिळी आणि वाटेत मुक्काम. म्हणून लग्न झाल्यापासून दोनदाच जाणं झालं. आता सकाळी निघायचं आणि जेवायला आईपाशी!

शुद्ध ११

माशी शिंकली. गादीचं चामडं उंदरांनी कुरतडलंय. हे म्हणाले, नवं चामडं लावू. सासूबाई भगर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चामड्यावर मी बसणार न्हाई."

संपलं! सासू बसणार नाही म्हणजे सूनही बसणार नाही. नवऱ्याशेजारी एकटी मोटारीतून गेले तर बाजाराच्या दिवशी भाजीच्या आधी माझी अब्रू विकली जाईल.

"काहून पण, माय?" यांनी विचारलं. त्या भगरीतले खडे वेचत राहिल्या. त्यांना एकदा नाही म्हणायचं असलं की देव खाली आला तरी ते नाहीच.

शुद्ध १२

हिंगोलीहून मोहियोद्दीन आले. घोड्यांची खोगिरं शिवणारे, आता मोटारींच्या गाद्याही शिवतात. ओसरीवर दोन तुकडे मांडले — एक लाल चामडं, एक निळ्या पट्ट्यांचं जाड कापड. "चमडा लगाव, तातेराव. धूल पड़ो, पानी पड़ो, पोंछ दिए तो खतम." यांनी चामडं हुंगलं आणि असे खूश झाले की जणू अत्तर! दोघं उठून गेल्यावर मीही हुंगलं, चोरून. खरं सांगू? मलाही चामडंच आवडलं. त्या वासात काय ऐट आहे! पण ऐट घेऊन काय करू, मला माहेर हवंय.

तुकडे मांडले तेव्हा सासूबाई लांबून बघत होत्या. मध्येच यांना विचारलं, "एका दमात किती कोस जाते ही?"

"तेल घातलं की म्हणशील तिथवर."

"नदीतून बी?"

"पाण्याला उतार असला तर जाईल की."

पदर सावरून आत गेल्या. भ्याल्या बिचाऱ्या. त्या कुठे जाणार? त्यांचं माहेर पैनगंगेपल्याड, वऱ्हाडात. मामंजींचं सासूबाईंच्या भावाशी वाकडं आलं आणि या घरात त्या गावाचं नाव बंद झालं. मामंजी गेले, तरी नाव बंदच.

शुद्ध १४

तह झाला. दिवाळीपर्यंत कापड लावून पाहायचं. टिकलं नाही तर चामडं. मोहियोद्दीनने खोळ शिवून दिली, कापूस घरचा, आणि भरायचं काम — माझं!

पहिल्या वेचणीचा कापूस कोठीत आहे. सरकी काढायची, पिंजून घ्यायचा, मग भरायचा. पिंजारी म्हणतो, चार दिवस थांबा. कोण थांबतं! सरकीसकट कोंबला आणि तोंड शिवून टाकलं. हे बसले आणि कळवळले. "काय टोचून राहिलं?"

"नवं हाय," मी म्हटलं, "बसून बसून मऊ व्हईल." सासूबाईंनी गादी हाताने चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पळाले.

वद्य २

सासूबाईंनी गादी धुतली! सारा बाजार त्यावर बसून गेला, कापडाला विटाळ होतो म्हणे. घागरभर पाणी ओतलं. हे न बघता बसले आणि तसेच औंढ्याला गेले. सावकाराने बसा बसा म्हटलं, तर म्हणे उभाच बरा! माझं हसून पोट दुखलं.

वद्य ४

आजही धुतली. कालही. यांनी कपाळावर हात मारला.

वद्य ६

गादीला वास मारतोय. चामडं जिंकणार. हे मोहियोद्दीनला सांगावा धाडून बसलेत. माझी भाऊबीज गेली. आज हसू येत नाही.

वद्य ८

आज जे झालं ते लिहिताना हसू आवरत नाही!

मोहियोद्दीन चामडं घेऊन आले. खोळ उसवायला वाकले आणि तसेच राहिले. गादीला कोंब! शिवणीतून हिरवे कोंब वर आलेले, दोन-दोन पानांचे, ओळीने. अर्धं गाव जमलं. सासूबाईंनी हात जोडले. "देवीनं कौल देला. ह्या मोटारीला चामडं लावायचं न्हाई."

हे मोहियोद्दीनकडे बघतात, मोहियोद्दीन चामड्याकडे. शेवटी त्यांनी चामडं गुंडाळलं. "इसकू मैं हात नै लगाता, मां."

मग सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भाऊबिजेला सुनेला मी घेऊन जाते."

देवी कसली, माझी आळशी सरकी! पण मी तोंड उघडत नाही. पाप लागलं तर लागो, पुसेगावला जाऊन फेडीन.

वद्य १०

कोंब तुळशीपाशी लावले. खोळीत आता पिंजलेला कापूस, निळं कापड तेच. धुणंही थांबलं. विटाळ कुठे गेला कोण जाणे!

वद्य ३०

करंज्या झाल्या. सासूबाईंनी अर्ध्या वेगळ्या बांधल्या. माझ्या माहेरासाठीच असणार. किती चांगल्या आहेत त्या! मी उगाच नावं ठेवत होते.

कार्तिक शुद्ध २. पुसेगाव

मी उतरले. सासूबाई उतरल्या नाहीत. आईने हात धरला, तरी नाही. करंज्यांचं गाठोडं घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी ते घट्ट धरलं आणि मला जवळ ओढलं.

"माह्या भावाच्या घरात देवी हाय. चामड्यावर बसून आलेल्याला तिथला उंबरा न्हाई." मग आणखी हळू, "गादीत सरकी व्हती, हाताला लागली व्हती मले. म्हून तर पाणी घालत व्हते."

आणि यांना म्हणाल्या, "तात्या, आता नदीकडं घे."