रील पाहून आलेले फोन

२ जुलै
अमरावतीहून पियुष नावाचा कंटेंटवाला आला. माझ्या मुलीने, जुईलीने बोलावलेला. कर सल्लागाराला नवे क्लायंट कसे मिळतात, हे तो आम्हाला शिकवणार. वय सत्तावीस. विचारलं, स्वतःचं रिटर्न भरतोस का? तर हसला.
आठवड्याला तीन रील, एक लेख. "लोकायले आधी भेव दाखवाचं काकू, मंग उपाय सांगाचा." याला म्हणे धोरण म्हणतात.
आमच्या यांनी एकतीस वर्षं याच खोलीत लोकांची रिटर्न्स भरली. पाटी वीतभर. क्लायंट म्हणून नत्थुजी आले, त्यांनी जावयाला आणलं, जावयाने भागीदाराला. कोणाला भेव दाखवावं लागलं नाही.

४ जुलै
जुईलीने स्पष्ट सांगितलं. महिनाअखेर रिटर्नची मुदत संपेपर्यंत वीस नवे लोक आले, तर ती अकोल्यात राहून बाबांचं ऑफिस चालवणार. नाही तर पुण्याची नोकरी.
हे गेल्यापासून सकाळी एकच कप चहा होत असे. ती आल्यापासून दोन होतात.

७ जुलै
पहिली रील. माझी मुलगी हवेत बोट दाखवते, तिथे अक्षरं उमटतात – 'ही चूक केली तर नोटीस पक्की'. एसटी स्टँडवर चूर्ण विकणारे याहून सभ्य बोलतात. अमरावतीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, स्वतःबद्दल बोलायचं ते कोणी विचारल्यावर.
खाली नंबर ऑफिसच्या लँडलाइनचा. जुना नंबर म्हणजे भरवसा, असं पियुषचं मत. फोन माझ्या टेबलावर.

१० जुलै
दोन फोन. जुईली जुन्या क्लायंटचे कागद आणायला बाहेर गेली होती, हल्ली रोजच जाते. पहिला – "मॅडम, रील पायली. रिफंड किती काढून देता?" नाव नाही, गाव नाही. म्हटलं, इथे तसं काम होत नाही. दुसरा – "पयल्या वर्षी फ्री हाय का?" त्यालाही तेच.
जुईलीला सांगितलं नाही. असले लोक मोजून काय करायचं?

११ जुलै
आज पाच. 'नवीन लोक घेत नाही' एवढंच सांगते. लवकर आटपतं.

१६ जुलै
बाळापूरहून एक बाई. बेबीताई. शाळेत शिकवतात. "पोरीनं इतकं सोपं करून सांगतलं जी, पयल्यांदा समजलं मले." आवाज चांगला होता. पण तोवर माझ्या तोंडून ते नेहमीचं 'नवीन लोक घेत नाही' निघून गेलं होतं. "काहून जी?" त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला.
संध्याकाळी जुईलीने विचारलं, "फोन?"
"नाही."

२४ जुलै
चार हजार लोकांनी पाहिलं, जुईलीच्या हिशेबात एकाचाही फोन नाही. पियुष म्हणतो, अकोल्याचे लोक पाहतात, पण उठत नाहीत. मूर्ख. मला हसू आलं. जुईलीला आवडलं नाही.
नंतर स्वतःचीच रील पुन्हा पुन्हा लावून बसली होती. "आई, मी खोटी वाटते का गं?"
नाही म्हटलं. फोनचंही सांगायला हवं होतं.

२७ जुलै
पुण्याला होकार कळवला तिने. "बाबांसारखं मला नाही जमलं." मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

२९ जुलै
बाळापूरच्या बेबीताई ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. पिशवीत सहा शिक्षकांचे कागद. जुईलीला म्हणाल्या, "फोनवर एक बाई म्हणे, नवीन लोक घेत नाही. म्या म्हटलं, रीलमधली पोरगी तं तशी वाटत नाही. जाऊन तं पाहू."
जुईलीने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. मग हात पुढे करून कागद घेतले.
"त्या बाई आता इथे नसतात, ताई."
मी शेजारच्याच खुर्चीत होते.