मताला टाकण्यासारखं नाही

बाबा, त्या रविवारी आईचा हात वर गेला नसता तर तुम्ही काय केलं असतं? शाळेत नववीच्या मुलांना मी लोकशाही शिकवते. बहुमत म्हणजे काय आणि त्याने कुठे थांबायचं असतं हे फळ्यावर लिहून देते, मुलं जे विचारतील त्याला काहीतरी उत्तर देते. या एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही होतात तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दिल्लीत आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरमध्ये रविवारी पोहे झाले की तुम्ही बशी बाजूला सारून म्हणायचात, "चलो, सभा सुरू." मग उन्हाळ्यात नागपूरला मामाकडे जायचं की नाही, कूलर कुठल्या खिडकीत बसवायचा, संध्याकाळी वांगी की पडवळ, सगळं मताला पडायचं. तुम्ही अध्यक्ष, आणि अध्यक्षाने मत द्यायचं ते फक्त दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच. दादा, आपल्याकडे राहायला असलेला काका, आई आणि मी असे चौघं मतदार. ऑफिसात मला कोणी काही विचारत नाही, म्हणून घरात मी सगळ्यांना विचारतो, असं तुम्ही एकदा आईला म्हणाला होतात. मी सगळ्यांत लहान, पण हात मोजताना तुम्ही माझ्यापासून सुरुवात करायचात. अख्ख्या सेक्टरमध्ये असं घर दुसरं नाही, असं मला वाटायचं.

बारावीचा निकाल लागल्यावरच्या रविवारी माझं कॉलेज मताला आलं. आपल्या घरातून तोवर कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. काकाचं म्हणणं होतं, पोरीने दोन बस बदलून रोज तितक्या लांब जायचं कशाला, इथेच स्टेनोचा कोर्स करू दे, परीक्षा देईल आणि नोकरीला लागेल. दादा बारावीनंतर लगेच नोकरीला चिकटला होता. तो एवढंच म्हणाला, "मी कुठे गेलो?" त्या दोघांचे हात वर. मग तुम्ही विचारलंत, बाजूने कोण? मी हात वर केला. आई कणीक मळता मळता उठून दारात आली होती. बोटं कणकेने भरलेली, म्हणून तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले, आणि हात तिथेच कानाशी जरा थांबला.

"दोन," तुम्ही म्हणालात.

"बाबा, काय यार, ती केस सारत होती," दादा म्हणाला.

"मी मोजला," असं म्हणून तुम्ही तुमचं मत माझ्या बाजूने टाकलंत. मी जिंकले. आई पुन्हा परातीशी जाऊन बसली. त्या दिवशी मला तुमच्याबद्दल जे वाटलं तसं पुन्हा पुरतं कधी वाटलं नाही, आणि त्याला कारण वरच्या मजल्यावरची मुलगी.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी आपल्या मराठी मंडळाची सभा कम्युनिटी हॉलमध्ये होती. तुम्ही सेक्रेटरी. मी मागे सतरंजीवर, कॉलेजात जाणारी म्हणून जरा ताठ बसलेली. मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदन वरच्या काकूंच्या मुलीकडे दिलं होतं. ती माझ्याच वयाची, आम्ही एकाच बसने शाळेत गेलेल्या. ती माणसं नगरकडची, ख्रिस्ती. माझं मराठी दर वाक्याला 'अच्छा' आणि 'मतलब'ला धरून चालायचं, तिचं मात्र लख्ख होतं. तुम्ही मला म्हणायचात, तिचं ऐक जरा. हे मला आधीपासूनच खुपत होतं. तर सभेत एक गृहस्थ उठले. मुलगी हुशार आहे, प्रश्न तिचा नाहीच, म्हणाले, पण गणपतीसमोर माइक धरून कोणी उभं राहावं हे सगळ्यांनी मिळून ठरवावं, हात वर करून घ्या. हात कुठल्या बाजूला जास्त पडणार हे हॉलमधल्या चेहऱ्यांवर दिसतच होतं. काकू रांगेच्या टोकाला बसून पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

तुम्ही उठलात. "हे मताला टाकण्यासारखं नाही. ती या मंडळाची सभासद आहे. एका सभासदाने स्टेजवर जावं की नाही, हे बाकीच्यांनी हात वर करून ठरवायचं नसतं."

"कमाल आहे, सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले. "तुमच्या घरी तर म्हणे भाजीसुद्धा मताला पडते."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, "भाजी चुकली तर उद्या दुसरी करता येते. पोरीला एकदा 'तू नको' म्हटलं, की ते परत घेता येत नाही."

कोणीतरी वळून माझ्याकडे पाहिलं, कौतुकानेच. मला अभिमान वाटायला हवा होता. मी मात्र सतरंजीचा दोरा ओढत एकच विचार करत होते, की मग माझं कॉलेज काय भाजी होतं?

ती स्टेजवर जायच्या आधी तुम्ही शर्टाच्या खिशातून खडीसाखरेचे दोन खडे काढून तिच्या तळहातावर ठेवलेत, घसा कोरडा पडू नये म्हणून. तो खिसा तोवर माझा होता. ती फार सुरेख बोलली. पुढच्या निवडणुकीत तुमचं सेक्रेटरीपद गेलं, आणि तुम्ही काही झालंच नाही अशा थाटात त्या संध्याकाळी आंब्याची बर्फी आणलीत. तीही आधी वर पाठवलीत.

तुम्ही म्हणाला असतात, तिच्या विरुद्ध अख्खा हॉल होता, तुझ्या विरुद्ध होती ती आपलीच माणसं. पण बाबा, आपल्याच माणसांचे हात जास्त जड असतात. हॉलमधले लोक सभा संपली की आपापल्या घरी जातात. काकाशेजारी बसून मला रोज रात्री जेवायचं होतं. मला जे एका हाताने कसंबसं मिळालं, ते तिचं आधीपासूनच आहे असं तुम्ही भर सभेत सांगितलंत. वर्गात मूलभूत हक्कांचा धडा आला की अजूनही मला तीच दिसते, खडीसाखर गालात धरून माइकसमोर उभी.

हे सगळं आता लिहायचं कारण आई. ती दादाकडे नोएडाला असते, आणि रविवारी मी जाते तेव्हा दादा अजून सभा भरवतो. तुम्ही गेल्यावर त्यानेच ती चालू ठेवली. दोन महिन्यांपूर्वी आईने पोहे देता देता सांगितलं, की तिला दिल्लीतल्या द्वारकेला, वरच्या काकूंकडे राहायला जायचंय. काकू तिथे फ्लॅटमध्ये एकट्याच असतात, मुलगी पुण्याला. दोघी मिळून राहू, म्हणाली. माझ्या खोलीवर ये म्हणून मी तिला किती वेळा विनवलं होतं. तुझी जागा लहान आहे गं, म्हणायची. त्या घराने आधी तुम्हाला नेलं, आता आईला नेणार, हे माझ्या मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते.

दादा म्हणाला, "मुलगा-मुलगी असताना परक्यांकडे? लोक म्हणतील आम्ही काढलं. चलो, मत घेऊ." आईने हात वर केला. या वेळी हात कोरडा होता आणि सरळ वर गेला. विरुद्ध कोण म्हटल्यावर अध्यक्ष असूनही दादाचा गेला, वहिनीचा गेला, आणि माझा मांडीवरून उचलला गेला होता. आई माझ्याकडे बघत नव्हती, बशा गोळा करत होती. काकूंच्या पर्सची चेन कुठून आठवली कोण जाणे. मी तो हात दुसऱ्या हाताने खाली दाबला.

"हे मताला टाकण्यासारखं नाही," मी म्हणाले.

"अच्छा? बाबांची पद्धत आहे ही."

"हीसुद्धा बाबांचीच आहे," मी म्हणाले. "त्यांनी आपल्या घरात नाही वापरली, एवढंच." दादाने हातातली बशी आईच्या बशांवर ठेवली. मग त्याने विचारलं, आईची बॅग माळ्यावर आहे ना.

गेल्या शनिवारी मी तिला सोडून आले. दादाला ऑफिस होतं. टॅक्सीत बॅग मागे टाकली, आणि परात आईने माझ्या मांडीवर दिली, नाहीतर आदळेल म्हणून. काकूंनी दार उघडलं, "आलीस? उशी खिडकीकडे ठेवलीय तुझी," म्हणाल्या, आणि आई माझ्याआधी आत गेली. मी चहा घेतला आणि निघाले. मत्सर काही कमी झालेला नाही.

तुम्हाला विचारायच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्या टॅक्सीत मिळालं असतं. नोएडापासून द्वारकेपर्यंत आई शेजारी होती आणि परात मांडीवर होती. त्या रविवारी तो हात माझ्या बाजूने होता की तू केस सारत होतीस, एवढंच तिला विचारायचं होतं. विचारायचं नाही असं मी घरून ठरवून निघाले होते, आणि विचारलं नाही. कारण 'केस सारत होते' असं ती म्हणाली असती, तर नसलेलं मत माझ्यासाठी आपणहून मोजणारे तुम्ही ठरला असतात, आणि मग त्या मुलीवर जळायला माझ्याकडे काही उरलं नसतं.