पाहण्याच्या इतिहासाचं शेवटचं प्रकरण

४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साठी उलटलेल्या बाईला ठकी म्हणू नये, असं सूनबाईचं मत आहे. तिला म्हटलं, तुझ्या आत्येसासूबाईंनाच विचार, दुसऱ्या नावाला ओ तरी देतील का. फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, म्हणून हे पत्र.

तर काय झालं, सूनबाईने माझ्या खोलीला रंग काढला आणि हौसेने सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून टाकली. खोली झकास दिसते म्हणतात. पण जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं त्यात माझी एक शिस्त होती. प्रत्येक पुस्तक त्याला खोडून काढणाऱ्या पुस्तकाला खेटून उभं राहिलं पाहिजे. डोळ्यातून किरण निघतो आणि वस्तूला जाऊन शिवतो, म्हणणारे जुने पंडित. त्यांच्या शेजारी, वस्तूच आपली पातळ साल सोडते आणि ती डोळ्यात शिरते, म्हणणारे. आणि मग दोघांना गप्प बसवणारा तो गणिती, अंधाऱ्या खोलीत भोकातून येणारा उजेड न्याहाळणारा. सगळे भांडखोर आता शाळेच्या मुलांसारखे रांगेत उभे आहेत.

परवा माझा एक जुना विद्यार्थी आला होता. त्याला त्या गणित्याचं पुस्तक काढून दाखवलं, छातीशी धरून चांगलं भाषण ठोकलं. बिचारा फार गंभीरपणे ऐकत होता. तो गेल्यावर सूनबाईने सांगितलं, हातात कोंबडीपालनाचं पुस्तक होतं. आम्ही दोघं हसून हसून बेजार.

पाहण्याच्या इतिहासावर मी लिहितोय त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. आधीची प्रकरणं पाठवली आहेत, वाच आणि खुशाल नावं ठेव. माया आहे तशीच असू दे, जमलं तर थोडी वाढव.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

कोंबड्यांचं वाचून मीही हसले. मग चहा ठेवायला उठले आणि ओट्यापाशीच थबकले. त्या पुस्तकावर कोंबडीचं हे एवढं चित्र असणार. तुला दिसलं नाही? सूनबाईने जागा बदलल्या हे कबूल, पण पुस्तकांवरची नावं तर तिने पुसली नाहीत ना?

तुझं पत्र खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. ओळी उजवीकडे उतरत गेल्यात, दोन ठिकाणी एकीवर एक चढल्यात. माझा सगळा जन्म शिवणाच्या मशीनवर गेलाय, रेघ कुठे घसरली ते मला कळतं. सुईत दोरा जाईना तेव्हा मी सगळ्या दुकानासमोर कबूल केलं होतं, आणि तूच मला म्हातारी म्हणून चिडवलं होतंस.

सूनबाईला अजून काही विचारलेलं नाही. आधी तुला विचारते. खरं काय ते सांग, आणि मला तत्त्वज्ञान शिकवू नकोस. उत्तर येईपर्यंत जिवाला घोर आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ठकी


१७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

पकडलंस. काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याच्या कडेने काळोख आत सरकत येतोय. मी पुस्तकं जागेवरून ओळखत होतो, म्हणून इतके दिवस निभावलं. सूनबाईने कपाट आवरलं आणि माझं पितळ उघडं पडलं, तेही कोंबड्यांच्या साक्षीने.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं वाचवायचं तर ऑपरेशन, आणि तेही लवकर. खात्री कुणीच देत नाही. मी त्यांना म्हटलं, शेवटचं प्रकरण होऊ दे, मग ऑपरेशन. चुकून काही बिघडलं तर निदान पुस्तक तरी पुरं झालेलं असेल. एवढी वर्षं ज्यात घातली ते अर्धवट टाकून आंधळं होणं मला सोसणार नाही.

खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो, मला भीती वाटते. घरात कुणाला बोललेलो नाही. तूही बोलू नकोस, एवढी माया कर.

दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

बोलले. रागाव हवं तर. सूनबाईला रडू आलं. तू तिला परकी समजलास हे तिला लागलंय, तेव्हा आधी तिची समजूत काढ. तिने तारीख घेतली आहे आणि मी आदल्या दिवशी येतेय. प्रकरण तोंडी सांगता येतं, मी लिहून घेईन. डोळा कुणाकडून लिहून घेणार आहेस?

तुझी प्रकरणं वाचली. किरणवाल्या पंडितांना तू पानभर मूर्ख ठरवलंस. मला मात्र त्यांचं पटतं. आपण काही उद्योग करत असलो की आई लांबून नुसती बघायची, आणि पाठमोरे असूनही आपले हात थांबायचे. आता यावर तू हसणार. हस. मी आल्यावर भांडू. तोवर डोळ्यात औषध वेळेवर घाल आणि माझ्यावर रुसू नकोस.

ठकी


१९ मार्च

चि. ठकीस,
खूप खूप आशीर्वाद.

ही जाड अक्षरं मार्करची आहेत, पानात जेमतेम चार ओळी मावतात. पाकीट फुगलंय म्हणून घाबरू नकोस. काल तपासणी झाली. आहे तेवढं टिकेल, म्हणाल्या. नळीतून बघावं तसं दिसतं, पण नळीच्या टोकाला जे असतं ते स्वच्छ. सूनबाई संध्याकाळी वाचून दाखवते आणि मध्येच मला खोडून काढते. चिरंजीवांनी मध्ये पडायचं सोडून दिलंय.

एक गोष्ट तू इथे असताना बोलायला जमलं नाही. पट्टी काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी काय दिसतं विचारलं आणि मी गप्प राहिलो. सगळं संपलं असं वाटून तुझा चेहरा पांढरा पडला. ठके, तो पांढरा पडलेला चेहरा मला दिसत होता. म्हणूनच तोंडातून शब्द फुटेना.

शेवटचं प्रकरण तू लिहून घेतलंस तसंच राहील. उजेड तुझ्यावर पडला, तिथून माझ्या डोळ्यात आला. किरण डोळ्यातून निघत असता तर डोळा उघडताक्षणी तो चांदण्यांपर्यंत पोचला कसा असता? गणित्याचं बरोबर आहे, त्यात तसूभर बदल नाही. पण मला वाटलं ते असं, की मी त्या खुर्चीतून उठून तुझ्यापाशी आलो.

काल सूनबाईला पुस्तकातलं ते टिंगलीचं पान काढायला सांगितलं. पंडित चुकले होते, हे ठेवलंय. मूर्ख होते, हे काढलं. त्यांच्यातलंही कुणीतरी असंच पट्टी सुटायची वाट बघत बसलं असेल, आणि समोर त्याची बहीण उभी असेल.

तुझा,
दादा