बागेच्या पाटीवर एकच पान

३ मार्च
मालेगावच्या बागा सांभाळणाऱ्या उद्यान समितीचा नवा लोगो मी करणार! जुन्या पाटीवर मोर, हरीण, कारंजं आणि सूर्य एकमेकांच्या अंगावर बसलेत. सगळे हाकलणार. पांढऱ्या पाटीवर एकच हिरवं पान. वडिलांशी, म्हणजे बाबूजींशी, ठरलं: पाटीचं नाव झालं, तर आमच्या कापडदुकानावरच्या खोलीत माझा स्टुडिओ. नाहीतर दुकानाच्या गादीवर बसायचं. म्हणजे स्टुडिओच.

७ मार्च
बायकोला पान दाखवलं. त्रिशला म्हणाली, छान आहे, बाकीचं कधी काढणार? हिला डिझाइन कळत नाही.

१२ मार्च
समितीपुढे प्रेझेंटेशन. रिकामी जागाच बोलते, असं सांगितलं. सगळे गप्प. भारावले असणार. मग अध्यक्ष उदयसिंगभाऊ म्हणाले, सब बराबर हाये, पण येवढी जागा काहून रिकामी सोडली? माहा फोटो आरामात बसते तिथं.
एकच फोटो. मोठ्या कामात एवढं चालतं.

१५ मार्च
उपाध्यक्ष रुसले. त्यांचाही फोटो. मग सदस्यांचे, गोल गोल. पान कोपऱ्यात गेलं. कोपऱ्यात ते उलट जास्त उठून दिसतं. त्रिशलाला दिसलं नाही. तिचं जाऊ दे.

१९ मार्च
पाटीला सौजन्य कोणाचं, यावर समितीत तोंडातोंडी. मी ठणकावलं, जाहिरात चालणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शब्दाला वजन आहे.

२४ मार्च, संध्याकाळ
सकाळी पाटी लागली. वर फोटो. खाली अर्ध्या पाटीवर 'सौजन्य: घेवरचंद वस्त्रालय, लग्नाच्या बस्त्याचे खात्रीचे ठिकाण'. पानाच्या जागी आमच्या दुकानाचा मोबाइल नंबर. गाठून विचारलं, तर बाबूजी म्हणाले, तुह्याच पाटीसाठी केलं न बेटा, आता तोंड काहून पाडून राह्यला?
वाईट वाटलं. खूप. बापानेच करावं?
पण नाव तर झालं! उदयसिंगभाऊंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. शेजारच्या किन्हीराजा गावचे लोक पाटी वाचून बस्ता बांधायला आले. अट पूर्ण. उद्या खोलीची किल्ली मागतो.

२५ मार्च
किल्ली मागायच्या आधीच मिळाली. गिऱ्हाईक वाढलं, जादा माल वर ठेवायचा आहे. सकाळपासून साड्यांचे गठ्ठे मीच वाहतोय. खिडकीपाशी माझ्या टेबलापुरती जागा सोडली होती. बाबूजी वर आले, म्हणाले, इथं परकराचं कापड बसते.
बसलं.