सातवी विहीर

यवतमाळ,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. रामरावभाऊस,
सा. न. वि. वि.

सकाळपासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र फाडायच्या आधी निदान वहिनी तरी वाचतील. फुलसावंगीच्या गाडीचे कंडक्टर उत्तमसिंग ते आजच पोचवणार आहेत. बातमीही मला त्यांनीच स्टँडवर दिली. परवा फोनवर तू तुरीचा फुलोरा सांगितलास, शेजाऱ्याच्या बैलाचं लंगडणं सांगितलंस, आणि बादल मेला एवढंच सांगायचं राहिलं?

उत्तमसिंग म्हणाले, बादलच्या तोंडातून लाळ गळत होती, त्याला पाणी गिळता येत नव्हतं, भुंकणं फाटकं झालं होतं. यावरून शेंबडं पोरही जे ओळखेल ते सोडून तू ओळखलंस की घशात हाड अडकलं! आणि ते काढायला कुत्र्याच्या जबड्यात हात घातलास. धन्य आहे.

मागच्या वर्षी गावात कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर झालं, तेव्हा शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून नारळ तू फोडलास. फेटा बांधलेला तुझा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्या फोटोत गावातली सगळी खरजुली कुत्री आहेत. बादल कुठे आहे, भाऊ?

पत्र वाचताच हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली पुष्कळ वेळ धू, आणि उद्याच्या गाडीनं ये. या रोगाची लक्षणं दिसायला लागल्यावर औषध नाही. त्याच्या आधी मात्र नक्की आहे.

लोभ असू द्या म्हणायची ही वेळ नाही. हात धू.

तुझी,
कोकिळा

*

फुलसावंगी,
१३ नोव्हेंबर २०२४

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. यवतमाळात राहून तू डॉक्टरीन झाली हे आमाले कोनी कळवलं नाई. पेढे तरी पाठवाचे.

पह्यली गोष्ट, बादल घरचा होता. माह्या हातची भाकर खाल्लेला, गळ्यात पट्टा असलेला. पिसाळतेत ते उकिरड्यावरचे. त्याले सुई टोचून कायले हाल करू? दुसरी गोष्ट, तो मले चावला नाई. दात लागला. चावनं अन् दात लागनं यातला फरक तुह्या कॉलेजात शिकवत नसतीन. मुका जीव तडफडून राह्यला होता, जबडा मिटला, तळहाताले जरासा दात लागला. त्यात त्याचा काय दोष?

तरी बी घरच्याईच्या जिवाले घोर नको म्हनून जखमेत चटनी भरली, अन् सात विहिरी पाहून आलो. सातही विहिरीच्या पान्यात आपलं तोंड पाह्यलं का विष उतरते, हे आपल्या आज्यापासून चालत आलं. पोटात चौदा सुया घेऊन तुह्या दवाखान्यात लोळाले मले टाइम नाई. कापूस फुटून राह्यला.

जवाईबुवाले रामराम सांग. तुह्यं कसं होते त्याहीच्या घरी, देव जाने. मया आहेच, पन कान खाऊ नको.

तुहा भाऊ,
रामराव

*

(त्याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर)

कोकिळाताई,
नंदाचा नमस्कार.

पाकीट चिकटवाले माह्याजवळ देल्लं, म्हनून हे आत सारून राह्यली. चोरून लिहिलं, अक्षर समजून घ्या.

सात विहिरी म्हनतेत ते खरं नाई. आता गावात विहिरी राह्यल्या कुठं? कोनी बुजवल्या, कोनाच्या कोरड्या. सहा कशाबशा झाल्या, त्यातल्या एकीत गुडघाभर चिखल होता, तोंड काई दिसलं नाई. सातवी भेटेना तं गावच्या पान्याच्या टाकीवर चढले, झाकन काढून आत पाह्यलं, अन् खाली येऊन म्हनतेत, झाल्या सात. सारा गाव खाली उभा होता. मी पदर तोंडाले लावला, हसू का रडू समजेना.

बोलाले तोंड लय चालते त्याहीचं. पन सकाळी उठले का मोरीपाशी एकटेच उभे राह्यतेत, अन् गिलासातून एकच घोट पानी पितेत. मंग थोडं थांबतेत. मंग माह्यावर कायले बी ओरडतेत.

बादलची लाळ मीच पुसत होती. त्याचं भांडं बी मीच घासलं. माह्यं काई नाई, पन तुमी त्याहीले कसं बी घेऊन जा.

मया असू द्या.
नंदा

*

यवतमाळ,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ज्ञानात भर पडली. चावणं आणि दात लागणं यातला फरक मला समजला. अडचण एकच आहे, त्या रोगाला मराठी येत नाही.

पण तुझ्याच शास्त्रानं बोलू. टाकी म्हणजे विहीर नव्हे. (वहिनींवर ओरडू नकोस. तू टाकीवर चढलेला महागावपर्यंत माहीत आहे.) आजोबांनी विहिरी सांगितल्या होत्या, आणि जमिनीतल्या सांगितल्या होत्या, सिमेंटच्या खांबांवर उभ्या असलेल्या नव्हेत. म्हणजे तुझ्या सहाच झाल्या. एवढा मान्यवर माणूस, आणि विष उतरवायचं काम अर्धवट टाकून कापूस वेचायला निघाला!

आमच्या घरामागे जुनी विहीर आहे. पाणी आरशासारखं. ये आणि तुझं तोंड एकदा नीट पाहून घे. मलाही ते बऱ्याच दिवसांत पाहायला मिळालेलं नाही.

आणि वहिनींना सोबत आण. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं चिरलेली असतात, हे तुला ठाऊक नसलं तर या हंगामात एकदा पाहा. त्या चिरलेल्या बोटांनी त्यांनी बादलची लाळ पुसली. त्यांना साधा दातही लागला नाही, म्हणून तुमच्या घरात कुणी त्यांना काही विचारलं नसेल.

उद्या स्टँडवर उभी राहते. लोभ आहेच, तो वाढवायला माणूस जागेवर लागतो.

कोकिळा

*

यवतमाळ,
२० नोव्हेंबर २०२४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

वहिनींचा फोन आला, पुढची सुई तिकडच्या दवाखान्यात दोघांनीही घेतली. बरं वाटलं. उरलेल्याही चुकवू नका. मध्येच सोडल्या तर उपयोग नाही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर तू डोळे गच्च मिटून शर्ट वर केलास आणि पोट पुढे काढलंस. सुई दंडात असते हे त्यांनी सांगेपर्यंत तसाच उभा होतास. हे मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे. तळहाताच्या जखमेभोवती टोचलं तेव्हा तू ओरडला नाहीस, मात्र वहिनींची बोटं पाहून बाई तुझ्याकडे वळून जे बोलल्या त्यानं तुझी मान खाली गेली. ते मी कुणाला सांगणार नाही.

आता एक कबूल करते. मी तुला फसवलं. घरामागे विहीर नाही. होती ती केव्हाच बुजवली. स्टँडवरून तुला सरळ दवाखान्यात नेलं, परत जाताना तुला विहीर आठवलीही नाही. शाळा समितीच्या अध्यक्षाला बनवणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. राग आला तर येऊ दे, पण ठरलेल्या तारखा पाळ.

लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव.

कोकिळा

*

फुलसावंगी,
१६ डिसेंबर २०२४

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद.

शेवटची सुई झाली. नंदाची बी झाली. तिच्या बोटाले आता रोज मी तेल लावून देतो. ती लाजते, पोट्टे हसतेत, हसू दे.

उत्तमसिंगच्या तांड्यावरून कुत्रीचं पिल्लू आनलं. पिल्लाले टोचाचं वय झालं का सारा गाव पाह्यत असतानी गुराच्या दवाखान्यात नेनार हाओ, फेटा न बांधता. ते सारा दिवस भुंकते अन् आपलंच खरं करते, म्हनून त्याचं नाव कोकिळा ठेवत होतो. नंदा नाई म्हने.

आता तुह्या हुशारीचं. तुह्या घरामागची विहीर बुजवली तवा तू बाळंतपनाले इकडं होती. पोरगं रांगाले लागलं का पडन, असं जवाईबुवा म्हनले. तिच्यात टाकाले मुरूम कोनाच्या ट्रॅक्टरनं आला ते त्याहीले इचार. चार खेपा मी सोता टाकल्या.

बादलले पानी उतरत नव्हतं ते मी पाह्यलं होतं, कोकिळा. मी बी रोज सकाळी एक घोट पिऊन पाहत होतो, उतरते का. पन ज्या मानसानं नारळ फोडला, अन् आपलाच कुत्रा घरी बांधून ठेवला, त्यानं गावातून दवाखान्यासाठी गाडीत कोन्या तोंडानं बसाचं? सातवी विहीर पाहाले चाललो म्हनलं, तं लोकाईनंच बसाले जागा देल्ली.

विहीर नाई हे ठावं होतं म्हनूनच आलतो.

बाकी क्षेम. मया कमी करू नको, अन् फोन करत जा, आता उचलतो.

तुहा,
रामराव