निम्म्या-निम्म्या गोळ्या

दि. ४ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

वि. वि. ह्यांना आता कपही धरवत नाही. शेजारणीच्या मामेसासऱ्यांना कसल्याशा पुडीने गुण आला असं कळवलं, तर तू खेकसलास, की एकाला बरं वाटलं ही पुराव्याची सगळ्यात खालची पायरी, तिच्यावर भार टाकू नकोस. डॉक्टरी संशोधनांना गुण देणं ही तुझी नोकरी, म्हणून ऐकलं आणि तुझ्या वरच्या पायरीवर, औषधाच्या चाचणीत, ह्यांचं नाव घातलं. तिथे चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या गोळीत नुसता खडू. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. अज्ञान आमच्याकडेही होतंच रे, तुम्ही त्याला पद्धत म्हणता एवढंच.

तिथल्या बाकावर एक शिंपीणबाई भेटल्या. त्यांच्या मालकांचेही हात असेच गेलेत. आम्ही दोघींनी शहाणपणा केला. डब्या उघडून गोळ्या निम्म्या-निम्म्या वाटून घेतो. कोणीच अगदी कोरडं राहायला नको. बरं केलं ना?

लोभ आहेच, तो तरी पातळ करू नकोस.

तुझी अक्का

दि. ११ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसलोय. अगं, दोघांच्याही पोटात तेच गेलं तर फरक दिसणार कुठून? तुमच्यासारख्या आणखी चार जोड्या निघाल्या, तर चांगलं औषधही निरुपयोगी ठरेल, आणि तो निकाल मीच वरच्या पायरीवर नेऊन ठेवीन. शिवाय अर्ध्या औषधाने दोघांचंही भागणार नाही. भावजींच्या डबीत काय आहे, ते मलाही कळू शकत नाही. डॉक्टरांना सगळं सांग आणि वाटणी आजच थांबव.

रागाव, पण लोभ ठेव.

तुझा धाकटा

दि. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. उ. आ.

ऐकलं तुझं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना शाळेतल्या पोरींसारखं उभं करून झापलं, पण चाचणीतून काढलं नाही. ज्याची डबी त्याच्या घरी गेली.

काल शिंपीणबाई बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसल्या. मीच जाऊन विचारलं. म्हणाल्या, मालक पुन्हा सुई ओवायला लागलेत. सांगताना रडल्या, माझी माफी मागत राहिल्या. ह्यांना मी आता भरवते, गिळायलाही वेळ लागतो. बाईंनी आपली डबी पुढे केली, तर ह्यांनी मानेनेच नको म्हटलं.

शेजारीण म्हणते, उघड आहे, खडू तुमच्याच वाट्याला आला. तू तसं म्हणणार नाहीस. एका माणसाच्या सुईवरून काहीच सिद्ध होत नाही, ही सगळ्यात खालची पायरी, असंच म्हणशील ना? तेवढं उलट टपाली लिहून पाठव. ह्यांना वाचून दाखवायचंय.

तुझी अक्का