बुंदीचा नवा डबा

सोमवार, संध्याकाळ

तिसऱ्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. त्यानंतर गंगापूरला आईकडं होते, आज संभाजीनगरला घरी आले. दिवस गेले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, मांजराच्या घाणीला हात लावू नका. तेव्हापासून आमच्या बुंदी मांजरीच्या शी-शूच्या डब्यातली वाळू समीरच साफ करतो. आज मी चाळायला बसले, तर त्यानं झारा काढून घेतला.

"आता कशाला? पोटात आहे कुठं काही?" असं का बोलले मी?

तो फरशीवर सांडलेली वाळू गोळा करत राहिला. मग मोबाईलवर आपोआप साफ होणारा डबा दाखवला. "हा घेऊ. पुढच्या वेळी मी घरी नसलो तरी काळजी नाय."

पुढच्या वेळी. हे तो पहिल्यांदाच बोलला.

"बुंदी मावंल का त्यात?" मी विचारलं.

तो टेप आणून तिला मोजायला बसला.